झोळ

जे. जे.चा हाडांचा वॉर्ड, खाट नंबर एकोणीस.
बाबांच्या डाव्या पायाला दोरी,
दोरी कप्पीवरून खाली,
खाली वाळूची पिशवी, साडेचार किलो.
दारूखान्यात ज्यांनी बोटींची सुकाणं
हवेत धरून ठेवली, बोटाच्या इशाऱ्यावर,
ते आता स्वतःच लटकलेला माल.

मला मेकॅनिक्सची केटी लागलेली.
उशाशी पुस्तक, पानाचा कोपरा दुमडून:
सर्व बलांची बेरीज शून्य.
मी म्हटलं, बाबा, शून्य म्हणजे काहीच नाही ना?
मग तुम्हाला दुखतंय ते काय?

त्यांनी पुस्तकाकडं बघितलं नाही.
ते दोरीकडं बघत होते.
"ही खाटेच्या कडेला घासतेय.
अर्धा किलो ही कडाच खातेय,
पायापर्यंत पोचतच नाही. सिस्टरला बोलव."

कुटिन्हो सिस्टर आल्या, वाकल्या, "पावसकर, हलू नका,"
आणि दोरी लोखंडापासून सुटली.
पिशवी बोटभर उतरली,
झुलली,
थांबली.
"आई गं," बाबा म्हणाले. आणि मग, "आता बरोबर."

"पायथ्याखाली विटा कशाला, सांग."
मला वाटलेलं ढेकणांसाठी.
"ढेकणांसाठी! अगं, पिशवी मला अख्खा ओढत नेईल खाली.
तिनं ओढायचं, तर उलटं ओढणारंही कोणी पाहिजे.
म्हणून खाट कलती केलीय.
माझं अंगच मला डोक्याकडं खेचतंय.
पाय मधल्यामध्ये.
हाड जुळतंय ते ह्या भांडणात."

केसपेपरच्या पाठीवर मी एक ठिपका काढला.
"हे तुम्ही."
"एवढासा?"
"बाकी सगळं काढून टाकायचं. जे जे टेकलंय, बांधलंय,
त्याच्या जागी एकेक बाण."
"खाट?" "काढली. बाण."
"कप्पी?" "बाण."
"गोदी?" "ती टेकलेली नाही."
बाबा बराच वेळ छताच्या पंख्याकडं बघत राहिले.
"आणि तुझी आई?"

आई तेव्हा जिन्यात होती, डबा घेऊन,
दर सहा पायऱ्यांनी कठड्याला हात लावत.
पेन्सिल माझ्या हातात तशीच.

पाय कसा गेला, ते त्यांनी त्या दिवशी सांगितलं.
उंची कमी होती, हमदुले मुकादमाला घाई,
म्हणाला, साखळी आखूड घ्या.
आखूड घेतली तशी ती पसरली, आडवी झाली.
"प्लेट तेवढीच. माणसं तेवढीच. वारा नाही.
नुसता कोन मोडला.
साखळी जितकी आडवी, तितकी ती जास्त सोसते.
अगदी सरळ ताणलीस ना,
तर कावळ्याचं वजनही तिला पेलायचं नाही.
मी म्हणत होतो, झोळ ठेवा. झोळ ठेवा."

घरी गॅलरीतली वाळत घालायची दोरी
त्यांनीच बांधलेली, पोट सुटल्यासारखी.
शेजारचे हसायचे: खलाशाच्या घरची दोरी बघा.
आईच्या साड्यांची टोकं कठड्याची धूळ पुसायची,
ती रोज कुरकुरायची.
म्हणून, बाबा आत असताना, एका रविवारी
मी ती खेचली. तारेसारखी. टिचकी मारली तर वाजली.
आई खूश.
दोन ओल्या चादरी,
आणि खिळा भिंतीचा तुकडा घेऊनच बाहेर आला,
चादरी खाली भुवडांच्या पापडांवर.

परीक्षेत लामीचा सिद्धांत आला होता. सुटला.
किती मार्क, ते आता आठवत नाही.

आठवतं ते एवढंच:
नवा खिळा, जुनी दोरी, मी स्टुलावर,
आई खाली, स्टूल धरून.
सहा कपडे, काहीच हलत नाही,
आणि जो तो जिवाच्या आकांतानं ओढतोय.
साडी पुन्हा कठड्याला घासली.
मी दोरी वर घ्यायला गेले,
तर आई म्हणाली,
राहू दे. लागू दे तिला.